आवड, भावना आणि नुकतेच घडलेले: मराठीतून स्पॅनिशकडे

स्पॅनिश शिकू लागलेला मराठी विद्यार्थी बहुधा इंग्रजीच्या वाटेने त्या भाषेकडे जातो. पाठ्यपुस्तकातील स्पष्टीकरणे इंग्रजीत असतात, मोबाइलवरील ऍप इंग्रजी वाक्य देऊन त्याचे स्पॅनिश भाषांतर मागते, आणि त्यामुळे मनातले वाक्य आधी इंग्रजी साच्यात बसवायचे व मग तेथून स्पॅनिशमध्ये न्यायचे, अशी सवय पहिल्याच महिन्यात लागते. ही सवय मोडावी, निदान ती फार घट्ट होऊ देऊ नये, असे मला मनापासून वाटते. आपल्याला काय आवडते, आपल्याला कसे वाटते आहे आणि आपण नुकतेच काय केले, या तीन गोष्टी सांगणे हा स्पॅनिशच्या प्राथमिक अभ्यासाचा गाभा आहे, आणि या तिन्ही ठिकाणी मराठीची वाक्यरचना आपल्याला इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते. जेथे ती उपयोगी पडत नाही, तेथे ती नेमकी कोठे दगा देते हेही मराठीतूनच अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम लेखनाविषयी एक खुलासा करते. या लेखात स्पॅनिश शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. स्पॅनिशमधील ‘एच’ (h) हे रोमन अक्षर लिहिले जाते पण उच्चारले जात नाही, म्हणून ते येथे दिसणार नाही (‘एनोहादो’, ‘मेहिको’ यांसारख्या शब्दांतला ‘ह’ वेगळ्या अक्षरांचा उच्चार आहे), आणि ज्या अक्षरांचा उच्चार स्पेनमध्ये व लॅटिन अमेरिकेत वेगळा होतो तेथे मी लॅटिन अमेरिकेतला ‘स’ धरला आहे. स्पॅनिशमधील ‘त’ आणि ‘द’ हे आपल्या ‘त’, ‘द’प्रमाणे दंत्य आहेत, इंग्रजीच्या प्रभावाने ‘गुस्ता’चे ‘गुस्टा’ करणे मराठी माणसाला खरे तर मुळीच आवश्यक नाही. ‘च’ मात्र नेहमी ‘चहा’मधला, ‘चोर’मधला नव्हे.

आता आवडीकडे वळू. ‘मे गुस्ता एल काफे’ याचा अर्थ ‘मला कॉफी आवडते’. इंग्रजीत आवडणारी व्यक्ती कर्ता असते आणि आवडलेली वस्तू कर्म असते, म्हणून इंग्रजीतून येणारा विद्यार्थी ‘मी’साठी असलेला ‘यो’ हा शब्द घेऊन ‘यो गुस्तो काफे’ असे काहीतरी जुळवतो, आणि मग पुस्तक त्याला सांगते की हे क्रियापद ‘उलटे’ चालते. मराठी वाचकाला यात उलटे असे काहीच नाही. आपल्याकडेही अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थी विभक्तीत असते आणि क्रियापद आवडलेल्या वस्तूप्रमाणे बदलते: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. स्पॅनिशमध्ये तसेच एक पुस्तक असेल तर ‘मे गुस्ता एल लीब्रो’ आणि अनेक पुस्तके असतील तर ‘मे गुस्तान लोस लीब्रोस’. मराठीत क्रियापद लिंगाप्रमाणेही बदलते, चहा आवडतो आणि कॉफी आवडते. स्पॅनिशमध्ये ते लिंगाप्रमाणे बदलत नाही, म्हणजे आपले काम थोडे हलकेच झाले. मला, तुला, त्याला किंवा तिला, आम्हाला, त्यांना यांच्यासाठी अनुक्रमे मे, ते, ले, नोस, लेस ही रूपे आहेत, आणि स्पेनमध्ये ‘तुम्हाला’ या अनेकवचनासाठी ‘ओस’ असे आणखी एक रूप वापरतात. आदराने एका व्यक्तीला ‘तुम्हाला’ म्हणायचे असेल तर ‘ले’ घ्यावे लागते, कारण स्पॅनिशमधील आदरार्थी संबोधन व्याकरणाने तृतीय पुरुषात चालते.

नाव घेऊन सांगायचे असेल तर ‘आ मारीया ले गुस्ता एल ते’, म्हणजे ‘मारियाला चहा आवडतो’. येथे ‘आ’ हे शब्दयोगी अव्यय आपल्या ‘ला’ प्रत्ययाचे काम करते, फक्त ते नामाच्या आधी येते. मात्र ‘आ मारीया’ म्हटल्यानंतरही ‘ले’ टाकता येत नाही; ‘मारियाला तिला चहा आवडतो’ अशी ही दुहेरी रचना मराठी कानाला जड वाटते, पण स्पॅनिशमध्ये ती आवश्यक आहे. ‘आ’ आणि ‘ला’ यांचे साम्य येथेच थांबत नाही, आणि मला स्वतःला ते फार मोहक वाटते. आपण ‘मी घर पाहते’ म्हणतो, पण ‘मी मारियाला पाहते’ म्हणतो. स्पॅनिशमध्येही ‘बेओ ला कासा’ आणि ‘बेओ आ मारीया’ असाच भेद होतो. माणूस कर्म असेल तर चतुर्थीचेच चिन्ह कर्मालाही लावायचे, ही पद्धत एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या या दोन्ही भाषांत सापडते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ती स्वतंत्र नियम म्हणून घोकावी लागते, आपल्याला फक्त आठवण करून द्यावी लागते.

सहमती दर्शवतानाही मराठी कान कामी येतो. कोणी ‘मे गुस्ता एल काफे’ म्हटले की ‘मलाही’ या अर्थी ‘आ मी ताम्ब्येन’ असे उत्तर द्यायचे. ‘मीही’ या अर्थाचे ‘यो ताम्ब्येन’ तेथे चालत नाही. नकारार्थी वाक्याला दुजोरा द्यायचा असेल, म्हणजे ‘मलाही नाही आवडत’ असे म्हणायचे असेल, तर ‘आ मी ताम्पोको’. मराठीत आपण ‘मीही’ आणि ‘मलाही’ यांची गल्लत कधीच करत नाही, त्यामुळे मनात मराठी वाक्य असेल तर ही चूक होण्याचे कारणच उरत नाही. येथील ‘मी’ मात्र आपला कर्ता ‘मी’ नव्हे; उच्चार सारखा असला तरी तो केवळ शब्दयोगी अव्ययानंतर येतो.

तरीही दोन ठिकाणी मराठी आपल्याला चुकीकडे नेते. पहिले ठिकाण उपपदाचे आहे. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे आपण ‘मे गुस्ता काफे’ म्हणून मोकळे होतो, पण एखादी गोष्ट सर्वसाधारणपणे आवडते असे सांगताना स्पॅनिशला ‘एल’, ‘ला’, ‘लोस’, ‘लास’ यांपैकी एक लागतेच. दुसरे ठिकाण अधिक सूक्ष्म आहे. कृती आवडते असे सांगताना ‘मे गुस्ता लेएर’, म्हणजे ‘मला वाचायला आवडते’, असे म्हणतात, आणि कृती दोन असल्या तरी क्रियापद एकवचनीच राहते: ‘मे गुस्ता लेएर ई एस्क्रिबीर’, मला वाचायला आणि लिहायला आवडते. येथपर्यंत मराठी आणि स्पॅनिश बरोबर चालतात. पण ‘मला कादंबऱ्या वाचायला आवडतात’ असे आपण सहज बोलतो, कारण मराठी क्रियापद वाचण्याला ओलांडून कादंबऱ्यांशी जुळते. स्पॅनिशमध्ये आवडणारी गोष्ट वाचणे ही आहे, कादंबऱ्या नव्हेत, म्हणून ‘मे गुस्ता लेएर नोबेलास’ असे एकवचनच बरोबर. ही चूक मराठी विद्यार्थ्यांत मला वारंवार दिसते आणि इंग्रजी पुस्तकांत तिचा इशाराही नसतो, कारण इंग्रजी माणसाकडून ती चूक होण्याचा फारसा संभवच नाही.

याच साच्यात बसणारी क्रियापदे पुष्कळ आहेत आणि ती एकत्र शिकावीत असे माझे मत आहे. ‘मे एन्कान्ता’ म्हणजे अतिशय आवडते, आणि त्यात ‘अतिशय’ आधीच असल्यामुळे त्याला पुन्हा ‘मूचो’ (खूप) जोडत नाहीत. ‘मे इन्तेरेसा’ म्हणजे मला त्यात रस आहे, ‘मे मोलेस्ता’ म्हणजे मला त्याचा त्रास होतो, ‘मे पारेसे के’ म्हणजे मला वाटते की. ‘मे दा म्येदो’ म्हणजे मला भीती वाटते आणि ‘मे दा इग्वाल’ म्हणजे मला त्याने काही फरक पडत नाही. दुखण्याचे क्रियापदही येथेच येते: ‘मे द्वेले ला काबेसा’, आणि पाय दुखत असतील तर ‘मे द्वेलेन लोस प्येस’. आपण ‘माझे डोके दुखते’ म्हणतो, स्पॅनिश मात्र ‘मला डोके दुखते’ अशा धाटणीने बोलते आणि ‘माझे’ हा शब्द गाळते. व्यक्तीबद्दल बोलताना थोडी काळजी घ्यावी, कारण ‘मे गुस्तास’, ‘तू मला आवडतोस’, यात प्रेमाची छटा येते. केवळ कोणाबद्दल चांगले मत असेल तर ‘मे काए ब्येन’ म्हणणे सुरक्षित.

आवडण्याचे क्रियापद स्पॅनिशमध्ये नेहमीच असे नव्हते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘चव घेणे’ असा होता, आणि जुन्या स्पॅनिशमध्ये आवडणारी व्यक्ती कर्ता असलेली ‘गुस्तार दे’ ही रचना सर्रास चालत असे. ती आजही क्वचित, भारदस्त लेखनात दिसते. पोर्तुगीजने मात्र तोच मार्ग कायम ठेवला आहे, त्यामुळे गोव्यातील ज्या घरांत पोर्तुगीज येते तेथील माणसाला स्पॅनिश शिकताना येथे जपावे लागते. पोर्तुगीजमध्ये ‘मी’ हा कर्ता असतो, तर कोकणीतले ‘म्हाका आवडटा’ थेट स्पॅनिशशी जुळते. म्हणजे स्पॅनिशच्या शेजारच्या पोर्तुगीजपेक्षा आपली कोकणी येथे अधिक भरवशाची ठरते.

भावनांच्या बाबतीत स्पॅनिश तीन वेगवेगळे मार्ग वापरते आणि विद्यार्थ्याची खरी ओढाताण येथे होते. भूक, तहान, झोप, थंडी, उकाडा, भीती, घाई या गोष्टी स्पॅनिश नामांनी सांगते आणि त्यांच्यासोबत ‘जवळ असणे’ या अर्थाचे ‘तेनेर’ हे क्रियापद वापरते: तेंगो आम्ब्रे, तेंगो सेद, तेंगो स्वेन्यो, तेंगो फ्रीओ, तेंगो कालोर, तेंगो म्येदो, तेंगो प्रीसा. मराठीतही ही सारी नामेच आहेत, मला भूक लागली आहे, मला थंडी वाजते आहे, मला भीती वाटते आहे. इंग्रजीप्रमाणे आपण ‘मी भुकेली आहे’ असे एरवी बोलत नाही. फरक इतकाच की मराठीत भूक माझ्याकडे येते आणि मी चतुर्थीत राहते, तर स्पॅनिशमध्ये ती माझ्याजवळ असते आणि मी प्रथमेत राहते. मराठीतली प्रत्येक भावना आपले ठरलेले क्रियापद घेऊन येते, भूक लागते, थंडी वाजते, भीती वाटते, राग येतो, कंटाळा येतो. स्पॅनिशमध्ये एकट्या ‘तेनेर’वर यांतल्या बऱ्याच भावनांचे भागते.

दुसरा मार्ग ‘असणे’ या अर्थाच्या ‘एस्तार’ या क्रियापदाचा आणि विशेषणाचा आहे. एस्तोय कान्सादा म्हणजे मी दमले आहे, एस्तोय कोन्तेन्ता म्हणजे मी आनंदात आहे, एस्तोय त्रीस्ते म्हणजे मी उदास आहे. बोलणारा पुरुष असेल तर कान्सादो, कोन्तेन्तो. ‘त्रीस्ते’ मात्र दोन्ही लिंगांत सारखेच राहते. रागावलेल्या माणसाला स्पेनमध्ये ‘एन्फादादो’ म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत ‘एनोहादो’ अधिक ऐकू येते. तिसरा मार्ग ‘वाटणे’ या अर्थाच्या ‘सेन्तीर्से’ या क्रियापदाचा, ‘मे स्येन्तो ब्येन’, मला बरे वाटते आहे. ‘मे स्येन्तो’ याचा ‘मी बसते’ असाही अर्थ होतो, कारण बसण्याच्या क्रियापदाचे प्रथमपुरुषी रूपही तेच आहे. संदर्भाने अर्थ स्पष्ट होतो, पण पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतो.

या मार्गांची सरमिसळ मराठी माणसाच्या बोलण्यात सर्वांत आधी उघडी पडते ती ‘खूप’ या एका शब्दामुळे. खूप भूक, खूप दमले, खूप आवडते, असे आपण तिन्ही ठिकाणी एकच अव्यय न बदलता वापरतो. स्पॅनिशमध्ये नामाआधी नामाच्या लिंगाप्रमाणे ‘मूचो’ किंवा ‘मूचा’ येते, विशेषणाआधी ‘मुइ’ येते आणि क्रियापदासोबत न बदलणारे ‘मूचो’ येते: तेंगो मूचा आम्ब्रे, एस्तोय मुइ कान्सादा, मे गुस्ता मूचो. स्पॅनिशमध्ये भूक आणि तहान स्त्रीलिंगी आहेत, झोप आणि थंडी पुल्लिंगी, म्हणून ‘मूचा सेद’ पण ‘मूचो स्वेन्यो’. नामे शिकतानाच ‘मूचो’ किंवा ‘मूचा’ लावून पाठ केली, तर हा प्रश्न पुन्हा उद्भवत नाही.

‘असणे’साठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत, आणि इंग्रजी पुस्तके त्यांचा भेद ‘कायमचे’ आणि ‘तात्पुरते’ असा सांगतात. हा भेद मला कधीच पटला नाही. मेलेल्या माणसाबद्दल स्पॅनिश ‘एस्ता म्वेर्तो’ म्हणते, आणि मरणाइतके कायमचे दुसरे काय असते? आपल्या मराठीतही ‘आहे’ आणि ‘असतो’ अशी जोडी आहे, म्हणून अनेकांना वाटते की ‘असतो’ म्हणजे ‘सेर’ आणि ‘आहे’ म्हणजे ‘एस्तार’. ‘कावळा काळा असतो’ येथे ते जुळतेही. पण ‘पेद्रो नेहमी दमलेला असतो’ हे स्पॅनिशमध्ये ‘पेद्रो स्येम्प्रे एस्ता कान्सादो’ असेच होते, आणि ‘पेद्रो डॉक्टर आहे’ यासाठी ‘सेर’ लागते. त्यामुळे ‘आहे’ आणि ‘असतो’ यांवर विसंबू नये. वस्तू किंवा व्यक्ती मुळात काय आहे, कोणत्या प्रकारची आहे, हे सांगताना ‘सेर’, आणि ती कोणत्या अवस्थेत आहे, एखाद्या बदलानंतर कोठे येऊन पोहोचली आहे, हे सांगताना ‘एस्तार’, असा विचार केला तर बहुतेक वाक्ये सुटतात. ‘पेद्रो एस आबुर्रीदो’ म्हणजे पेद्रो हा कंटाळवाणा माणूस आहे, आणि ‘पेद्रो एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे पेद्रो कंटाळला आहे. हे दुसरे वाक्य मराठीत आपण ‘कंटाळला आहे’ असे भूतकाळी धातुसाधित वापरून बनवले, याकडे लक्ष द्यावे, कारण पुढचा सगळा विषय त्यावरच उभा आहे.

मराठीतील ‘-ला आहे’, ‘-ली आहे’, ‘-ले आहे’ हे रूप दोन कामे करते. ‘मी दमले आहे’ या वाक्यात ते माझी अवस्था सांगते, तर ‘मी पत्र लिहिले आहे’ या वाक्यात ते पूर्ण झालेली कृती सांगते. स्पॅनिश ही दोन कामे दोन क्रियापदांना वाटून देते. अवस्थेसाठी ‘एस्तार’ आणि त्यामागून लिंगवचनाप्रमाणे बदलणारे धातुसाधित: एस्तोय कान्सादा. पूर्ण झालेल्या कृतीसाठी ‘आबेर’ हे सहायक क्रियापद आणि त्यामागून कधीही न बदलणारे धातुसाधित: ए एस्क्रीतो ला कार्ता. मराठीतल्या एकाच क्रियापदाने ही जोडी समोर ठेवता येते. ‘दार उघडलेले आहे’ म्हणजे ‘ला प्वेर्ता एस्ता आब्येर्ता’, आणि ‘मी दार उघडले आहे’ म्हणजे ‘ए आब्येर्तो ला प्वेर्ता’. पहिल्या वाक्यात ‘प्वेर्ता’ (दार) हा शब्द स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘आब्येर्ता’ झाले, दुसऱ्यात दार तेच असूनही ‘आब्येर्तो’ राहिले.

मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो तो याच दुसऱ्या वाक्यापाशी, आणि त्याचे कारण आपल्या कर्मणी प्रयोगात आहे. मी आंबा खाल्ला आहे, मी पोळी खाल्ली आहे, मी आंबे खाल्ले आहेत, असे आपले क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून पत्रासाठीचा ‘कार्ता’ हा स्त्रीलिंगी स्पॅनिश शब्द आला की आपण नकळत ‘ए एस्क्रीता ला कार्ता’ म्हणतो. आजच्या स्पॅनिशमध्ये ते चूक आहे. मध्ययुगीन कास्तिलियन भाषेत, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, मात्र धातुसाधित कर्माशी जुळत असे, आणि जाण्यायेण्याच्या क्रियापदांसोबत ‘आबेर’ऐवजी ‘सेर’ वापरून ‘सोन ईदोस’, म्हणजे ‘ते गेलेले आहेत’, असेही म्हणत. म्हणजे आपली सवय स्पॅनिशच्या स्वभावाविरुद्ध नाही, ती त्या भाषेच्या एका जुन्या वळणाशी जुळते. आज मात्र येण्याजाण्यासाठीही ‘आबेर’च लागते, ‘मारीया आ बेनीदो’, मारिया आली आहे, आणि मारिया स्त्री असूनही ‘बेनीदो’ बदलत नाही.

‘आबेर’ची रूपे थोडी आहेत: ए, आस, आ, एमोस, आन, आणि स्पेनमधील ‘तुम्ही’साठी आबेइस. धातुसाधित बनवायला ‘-आर’ने संपणाऱ्या क्रियापदाला ‘-आदो’ आणि ‘-एर’ किंवा ‘-ईर’ने संपणाऱ्याला ‘-ईदो’ लावायचे, आब्लार (बोलणे) वरून आब्लादो, कोमेर (जेवणे) वरून कोमीदो. अनियमित रूपे नेमकी रोजच्या वापरातली आहेत, एचो, दीचो, बीस्तो, एस्क्रीतो, प्वेस्तो, आब्येर्तो, ब्वेल्तो, रोतो, आणि ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. सहायक क्रियापद आणि धातुसाधित यांच्यामध्ये कोणताही शब्द घालायचा नाही. ‘नो’, ‘या’, सर्वनामे, सारे काही त्यांच्या आधी येते. मराठीत आपण ‘पाहिला तर आहे’ असे म्हणून मध्ये शब्द घालू शकतो, स्पॅनिशमध्ये ‘लो ए बीस्तो’, म्हणजे ‘मी तो पाहिला आहे’, यातली ‘ए बीस्तो’ ही जोडी अभेद्य असते.

हा काळ केव्हा वापरायचा, याचे उत्तर देशाप्रमाणे बदलते. माद्रिदमधील माणूस आज, आज सकाळी, या आठवड्यात, या वर्षी, म्हणजे अजून न संपलेल्या काळात घडलेल्या गोष्टीसाठी तो वापरतो: ओय ए देसायुनादो, मी आज नाश्ता केला. काल घडलेल्या गोष्टीसाठी तो साधा भूतकाळ घेतो, ‘आयेर कोमी’, मी काल जेवले. मेक्सिकोत किंवा ब्वेनोस आइरेसमध्ये आजच्या नाश्त्यालाही साधा भूतकाळच लागतो, ‘ओय देसायुने’, आणि ‘जेवण झाले’ या अर्थी ‘या कोमी’ म्हणतात. खुद्द स्पेनमध्येही गालिसिया, आस्तुरियास आणि कानारिआस बेटांवर साध्या भूतकाळाकडेच कल आहे. मराठी कान येथे लॅटिन अमेरिकेच्या जवळ आहे, कारण आपणही ‘मी आज सकाळी चहा प्यायले’ म्हणतो, ‘प्यायले आहे’ म्हणत नाही. पण अनुभव विचारताना माद्रिद आणि मेक्सिको यांची वाट पुन्हा एक होते: ‘आस एस्तादो आल्गूना बेस एन मेहिको?’, ‘तू कधी मेक्सिकोला गेली आहेस का?’. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने स्पेनचा नियम नीट शिकून घ्यावा, कारण बाजारात मिळणारी बरीचशी पाठ्यपुस्तके स्पेनमधूनच आलेली असतात. सेर्वान्तेस संस्था, जी १९९१ मध्ये स्थापन झाली आणि जिचे केंद्र दिल्लीत २००९ पासून आहे, तीही स्पेन सरकारचीच आहे. लॅटिन अमेरिकेतल्या माणसाशी बोलताना मात्र साधा भूतकाळ वापरण्यास कचरू नये.

नवशिक्याने या दोन्ही काळांच्या आधी ‘आकाबार दे’ शिकावे, असे मी आग्रहाने सांगते. ‘आकाबो दे कोमेर’ म्हणजे मी आत्ताच जेवले, अगदी थोड्या वेळापूर्वी. ‘आकाबार’चा मूळ अर्थ संपवणे असा आहे, म्हणून मराठीतले ‘माझे आत्ताच जेवून झाले’ हे त्याच्या सर्वांत जवळ जाते. यात बदलते ते फक्त ‘आकाबार’चे वर्तमानकाळी रूप, आकाबो, आकाबास, आकाबा, आकाबामोस, आकाबान, आणि पुढचे क्रियापद मूळ रूपातच राहते. धातुसाधित नाही, अनियमित रूपे नाहीत, लिंगवचनाचा प्रश्न नाही, आणि माद्रिदपासून लीमापर्यंत कोठेही ते तसेच समजते. नकारात मात्र अर्थ बदलतो. ‘नो आकाबो दे एन्तेन्देर’ म्हणजे ‘मी नुकतेच समजून घेतले नाही’ असे नव्हे, तर ‘मला अजून पूर्ण उमगत नाही’.

पसंती सांगण्यासाठी ‘प्रेफेरीर’ हे क्रियापद आहे आणि येथे मराठीची चतुर्थी बाजूला ठेवावी लागते. प्रेफ्येरो एल ते आल काफे, मला कॉफीपेक्षा चहा पसंत आहे. येथे ‘मी’ कर्ता आहे आणि ‘पेक्षा’साठी ‘के’ येत नाही, ‘आ’ येतो, जो ‘एल’शी जुळून ‘आल’ होतो. क्रियापदाच्या मधला स्वर बदलतो, प्रेफ्येरो, प्रेफ्येरेस, प्रेफ्येरे, प्रेफ्येरेन, पण ‘आम्ही’च्या रूपात मूळ स्वर परत येतो, प्रेफेरीमोस. ‘हवे असणे’ यासाठीच्या ‘केरेर’चेही तसेच, क्येरो पण केरेमोस, आणि ‘मला चहा हवा’ म्हणताना मराठीत चतुर्थी असली तरी ‘क्येरो उन ते’मध्ये ती नाही. चतुर्थी सोडायची नसेल तर ‘मे गुस्ता मास एल ते के एल काफे’, मला कॉफीपेक्षा चहा जास्त आवडतो, असे म्हणावे. त्यात ‘के’ येतो आणि वाक्य आपल्या ओळखीच्या वळणावर राहते. नम्रपणे मागायचे असेल तर ‘मे गुस्तारीआ’, ज्यासाठी मराठीत ‘मला आवडेल’ हे तयारच आहे. एखादी गोष्ट आत्ता खावीशी वाटते असे सांगताना स्पेनमध्ये ‘मे आपेतेसे’, मेक्सिकोत ‘से मे आन्तोहा’, आणि कोठेही चालेल असे ‘तेंगो गानास दे’.

हे तीन विषय पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत येतात, पण संभाषणात ते एकाच वाक्यात भेटतात. चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर मैत्रीण विचारते, ‘ते आ गुस्तादो ला पेलीकुला?’, तुला चित्रपट आवडला का? येथे आवडणे आहे, नुकतेच घडणे आहे, आणि ‘गुस्तादो’ हे ‘पेलीकुला’ (चित्रपट) स्त्रीलिंगी असूनही बदललेले नाही. गाणी आवडली असे सांगायचे असेल तर ‘मे आन गुस्तादो लास कान्स्योनेस’. गाण्यांच्या अनेकवचनाने ‘आ’चे ‘आन’ झाले, पण ‘गुस्तादो’ जागेवरून हलले नाही. मेक्सिकोतली मैत्रीण हाच प्रश्न ‘ते गुस्तो ला पेलीकुला?’ असा विचारेल, शेवटच्या ‘तो’वर जोर देऊन. चित्रपटाने तुम्ही उदास झाला असाल तर ‘एस्तोय त्रीस्ते’ म्हणा, भूक लागली असेल तर ‘तेंगो मूचा आम्ब्रे’ म्हणा, आणि तिलाही आवडला व तुम्हालाही आवडला असेल तर ‘आ मी ताम्ब्येन’ म्हणा.